ठाऊक नाही, बाईसाहेब

बेलफर काउंटी, कॅरोलायना
१४ ऑक्टोबर १९५६

प्रिय आर्लीथा,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, ओझेलाचा आशीर्वाद. आम्ही तिघी जिवंत आहोत. भुईमूग उपटून झाला, ढीग रचून झाले, माझी पाठ मात्र अजून त्या ढिगाखालीच आहे. नेहमीसारखंच बोलतेय मी आणि लिहितेय टेम्पी. तेरा वर्षांची झाली पोरगी, पण अक्षर बघ, मास्तरणीला लाजवील. (हे वाक्य आईनेच सांगितलं, मी घुसडलेलं नाही. – टेम्पी)

पत्र लिहायचं कारण म्हणजे मंगळवारी मदत कचेरीच्या मिस हॅस्केट येऊन गेल्या. माझा नवरा, रूफस, लाकूडतोडीत दगावला तेव्हापासून त्यांचा फेरा असतो, तुला ठाऊकच आहे. तीच राखाडी गाडी, तीच चामड्याची पिशवी. आल्याबरोबर पिठाचं पिंप उघडून पाहिलं, मग पलंगाखाली वाकून पाहिलं. पुरुषाचे बूट शोधतात त्या. घरात पुरुष सापडला की विधवेची मदत बंद. मी म्हटलं, बाईसाहेब, एखादा सापडलाच तर मलाही सांगा, छपराला दोन फळ्या ठोकून घ्यायच्यात. म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने फक्त 'हो बाईसाहेब.'

या खेपेला मात्र नवीनच काहीतरी केलं. टेम्पीला समोर बसवलं, मांडीवर कागद घेतला आणि प्रश्न सुरू. बर्फ उन्हात ठेवला तर काय होतं? वर्षाचे महिने किती? अशा चाळीस गोष्टी. आणि माझी लेक! मान खाली, हात मांडीवर, आणि चाळीसच्या चाळीस वेळा एकच उत्तर: "ठाऊक नाही, बाईसाहेब." एकदाही चुकली नाही. आपली आई असती तर तिने पोरीची अलाबला घेतली असती. गोऱ्या माणसाच्या हातात कागद दिसला की तोंडात एवढंच वाक्य ठेवायचं, हे तिने आपल्याला दूध पाजता पाजता शिकवलं. एझ्रा मामाने एकदा खरं उत्तर दिलं होतं, कोणाचा घोडा कुठल्या वाटेने गेला त्याचं. मामा परत आला नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मिस हॅस्केट जाताना टेम्पीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. "बिचारी," म्हणाल्या. मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

धाकटी डव्ही पाच वर्षांची झाली, तिचे दोन दात पडलेत.

तुझी ताई,
ओझेला × (ही आईची खूण)

ता. क. मावशी, आई डुकराला खायला घालायला गेली आहे म्हणून हे माझं. चाळीसपैकी सदतीस मला येत होते. तीन खरंच ठाऊक नव्हते. आणि एक गुपित: रोज रात्रीची भांडी झाली की मी आईला अक्षरं शिकवते. लहानपणी दोन हिवाळे शाळेत गेली होती ना, त्यातलं थोडं तिला आठवतं. लाजते फार. तुला सांगू नको म्हणाली आहे, म्हणून सांगते.

– टेम्पी

●

नेवार्क
२ नोव्हेंबर १९५६

प्रिय ताई,

पत्र वाचून हसले आणि मग मला तुझा रागही आला. अगं, काळ कुठे गेला आणि तू कुठे बसली आहेस! एझ्रा मामाची गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. तो जमीनमालकाच्या माणसांच्या तावडीत सापडला होता. मिस हॅस्केट सरकारी बाई आहेत.

तुला ठाऊक आहे, मी इथल्या शहराच्या मदत कचेरीत टंकलेखन करते. रोज माझ्या यंत्राखालून पन्नास विधवांचे अर्ज जातात. मी डोळ्यांनी बघते, ताई. पैसे जातात, कोळसा जातो, दूध जातं. तुमच्या रस्त्यावर विजेचे खांब कोणी आणले? मालकाने? रूफस गेल्यावर त्याच्या मालकाने तुला काय दिलं, तर डुकराची एक खारवलेली मांडी आणि रूफसचेच कपडे. आज पोरींच्या पोटात जे जातंय ते सरकारमुळे. मालकाच्या मनात येईल ते तो करतो. सरकारला काही करायचं तर कागद लागतो, आणि कागदाला कायदा लागतो. म्हणूनच मी म्हणते, कागदाला भिऊ नकोस. कागद म्हणजेच आपला आधार.

आमच्या गल्लीतला न्हावी रोज ओरडतो की सरकार फार माजलंय, लोकांच्या स्वयंपाकघरात शिरलंय. त्याचं काय जातंय? त्याच्याकडे दुकान आहे. ज्याला काहीच नाही त्याच्या स्वयंपाकघरात कोणीतरी शिरायलाच हवं.

तेव्हा मिस हॅस्केट म्हणतील ते ऐक. सही मागितली तर सही कर. आढेवेढे घेतलेस तर त्या 'असहकार करते' असा शेरा मारतील, आणि तो शेरा मदतीच्या आड येतो, हे मी कचेरीत बसून सांगतेय. आणि टेम्पीबाई, पुढच्या वेळी महिने बारा असतात हे सांगून टाक. आकाश कोसळणार नाही.

तुमची,
आर्लीथा

●

बेलफर काउंटी
१६ डिसेंबर १९५६

प्रिय आर्लीथा,

थंडी कडक पडली, डुक्कर कापलं. शेजारी मदतीला आले होते. चरबी कढवली, सॉसेज भरले, पहिला वाटा धर्मगुरूंकडे पोचवला. तुला यातलं काही पाठवता येत नाही याचंच वाईट वाटतं.

तू सांगितलंस तसं केलं. सोमवारी मिस हॅस्केट कागद घेऊन आल्या. टेम्पी शाळेत होती. मी म्हटलं, पोरगी आली की वाचून दाखवील. त्यावर त्या हसल्या, "ही पोरगी?" म्हणाल्या. मग स्वतःच समजावून सांगितलं. टेम्पीच्या पोटात पुढेमागे त्रास होईल असं आहे म्हणे, त्यासाठी लहानसं ऑपरेशन. आंत्रपुच्छाचं काढतात तसंच. काउंटीच्या इस्पितळात, एक पैसा लागणार नाही. मी विचारलं, तिचं पोट तर कधीच दुखत नाही. त्या म्हणाल्या, "दुखायच्या आधीच केलेलं बरं. मदत चालू राहावी असं वाटतं ना, ओझेला?" नावाने हाक मारतात मला, वयाने माझ्या लेकीसारख्या असून.

कागद परत द्यायला मी हात पुढे केला. पण तुझं पत्र आठवलं. कागद म्हणजे आधार. केली फुली.

जाताना एक प्रत माझ्याकडे ठेवून गेल्या. टेम्पीने संध्याकाळी वाचून दाखवली. पोटाच्या त्रासाचंच आहे म्हणाली. वाचताना मध्येच खोकत होती, थंडी बाधलेली दिसते. तिला लसणीचं तेल चोळते.

तुझी ताई,
ओझेला ×

मावशी, हे मी वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात सरकवते आहे. आईला ठाऊक नाही.

मला थंडी झालेली नाही. त्या कागदात पोटाच्या त्रासाचा शब्दही नाही. त्यात लिहिलंय: 'टेम्पी स्प्रूइल, वय १३, मंदबुद्धी. चाचणीत एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ शकली नाही. हिला मुलं झाल्यास ती हिच्यासारखीच निपजतील व त्यांचा भार जनतेवर पडेल.' त्यापुढे जो मोठा शब्द होता तो मी शाळेतल्या जाड शब्दकोशात पाहिला. एकदा पाहून विश्वास बसला नाही म्हणून मधल्या सुट्टीत परत पाहिला. मला कधीच मूल होऊ नये म्हणून कापणार आहेत. आईला वाचून दाखवताना मी तेवढं गाळलं आणि खोकले.

खाली आईची फुली आहे.

मावशी, मी बर्फाचं उत्तर सांगायला हवं होतं का? आता जाऊन सांगितलं तर चालेल का?

– टेम्पी

●

नेवार्क
२२ डिसेंबर १९५६

टेम्पी, बाळ,

हे पत्र आईसमोर बस आणि मोठ्याने वाच. एक शब्दही गाळू नकोस. खोकू नकोस. डव्हीला आधी बाहेर पाठव.

ताई, आता तुझ्याशी बोलते. तू ज्या कागदावर फुली केलीस तो आंत्रपुच्छाचा नाही. ते टेम्पीची कूस कायमची बंद करणार आहेत. पोरीने हे तुझ्यापासून लपवलं, कारण तुझा चेहरा तिला बघवला नसता. तिला रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव. सही कर असं मी लिहिलं होतं. पोटच्या पोरीसारखी जिला मानते, तिच्याविरुद्ध मीच तुझा हात धरून फुली काढली.

मी आमचे साहेब मिस्टर ऑल्डन यांच्याकडे गेले. भला माणूस आहे, ताई. काळ्यांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून वरच्यांशी भांडलेला. वाटलं, हा टेबलावर मूठ आपटेल. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, दार हळूच लावून घेतलं आणि म्हणाले, "आर्लीथा, असे कायदे बऱ्याच राज्यांत आहेत. न्यायालयांनी मान्य केलेले आहेत. मला स्वतःला आवडत नाही. पण विचार कर, जे सरकार पोरांना जेवू घालतं, त्याने किती पोरं जन्माला यावीत हे विचारूच नये का?" मी म्हटलं, ती पोरगी माझी पत्रं लिहिते हो. ते म्हणाले, "तुझं मन दुखावलंय हे मला कळतं." आणि घड्याळाकडे पाहिलं.

मी तुला लिहिलं होतं, सरकारला कागद लागतो आणि कागदाला कायदा लागतो. आता बघ, कागदही आहे, कायदाही आहे. त्या दिवसापासून यंत्रावर बसले की एकच प्रश्न पडतो. या पन्नास अर्जांत असला एखादा कागद मी स्वतः टंकून दिला असेल का? आठवत नाही. वाचून कोण टंकतं!

पण ऐका. कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात असेल, हरकत घ्यायला मुदत असते. लेखी हरकत द्या. असली ऑपरेशनं मंजूर करणाऱ्या, तुमच्या राज्याच्या राजधानीतल्या मंडळापुढे सुनावणी मागा. टेम्पी, हरकत तू लिही. तुझ्या अक्षरात. आजच.

– आर्लीथा

●

बेलफर काउंटी
२० जानेवारी १९५७

आर्लीथा,

महिनाभर तुला पत्र पाठवलं नाही. पाठवणारही नव्हते.

टेम्पीने तुझं पत्र वाचलं. मी चुलीपाशी होते. वाचून झाल्यावर म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग मी अंगणात गेले आणि डुकराच्या रिकाम्या खोपटापाशी जाऊन ओरडले. शेजारी धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. पोरीने शांतपणे त्यांना सांगितलं, "आईचा दात दुखतोय."

तू म्हणतेस माझ्यावर रागव. रागावलेच आहे. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? खांब आणले, दूध आणलं! मला तुझे खांब नकोत. आपली आई अडाणी होती, पण तिने आपल्याला जिवंत ठेवलं.

(मावशी, आई इथे थांबली आहे. – टेम्पी)

बरं, लिही पोरी. आईनेही चूकच केली. तिचं वाक्य मी टेम्पीला शिकवलं, त्याच वाक्याने पोरीला मंदबुद्धी ठरवलं. चाळीस वेळा. आणि मी बाजूला उभी राहून हसू दाबत होते. तुझी एक चूक, माझ्या चाळीस.

हरकत दिली. टेम्पीने लिहिली, मी आठ मैल चालत जाऊन काउंटीच्या कचेरीत दिली. कारकुनाने वाचली आणि विचारलं, "कोणी लिहून दिलं?" म्हटलं, मुलीने. तो दुसऱ्या कारकुनाकडे बघून हसला. सहा मार्चला राजधानीत बोलावलंय.

तेव्हापासून ती राखाडी गाडी दर दोन-चार दिवसांनी दिसते. आत येत नाही, वळणावर उभी असते. टेम्पी शाळेतून येताना रस्ता सोडून शेतातून येते. काल कोणी दार वाजवलं तर डव्ही पलंगाखाली शिरली. दारात चर्चच्या बाया होत्या, रताळ्याचं पक्वान्न घेऊन आलेल्या. या महिन्याची मदत आलेली नाही. धर्मगुरू म्हणतात प्रार्थना कर आणि आवाज चढवू नकोस. त्यांचं घरही त्याच मालकाच्या जमिनीवर आहे, त्यांना काय बोलणार.

तू ये ना ग. तुला त्यांच्यासारखं बोलता येतं.

ओझेला ×

●

नेवार्क
३ फेब्रुवारी १९५७

ताई,

या पाकिटात तेहेतीस पत्रं आहेत. टेम्पी नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिने लिहिलेली, सगळी. मी एकही टाकलं नव्हतं. मंडळासमोर ही ठेव. रूफस गेला तेव्हाचं पत्र सगळ्यात वर ठेवलंय. जी पोरगी दहाव्या वर्षी असं लिहिते तिला मंदबुद्धी म्हणायला माणसाला लाज वाटेल.

मी येणार नाही. खरं सांगते, बहाणा करत नाही. रजा मागितली तर मिस्टर ऑल्डन म्हणाले, दुसऱ्या राज्याच्या मंडळासमोर आपल्या कचेरीची बाई उभी राहिली तर 'वरून' विचारणा होईल. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते कधीच नाही म्हणत नाहीत. पण मी भ्याले, ताई. नोकरी गेली तर तुला काय पाठवू, आणि वेळ आली तर टेम्पीला कुठे ठेवू? असा हिशेब मनाशी मांडते आणि स्वतःलाच विचारते, हे शहाणपण की भेकडपणा.

म्हणून एक गोष्ट केली आहे. सगळ्यात खालच्या पत्राच्या घडीत बसचं तिकीट आहे. एकीचं. फक्त यायचं. वापरावं लागू नये.

टेम्पी, तिथे बोल. जे येतं ते सगळं सांग. त्यांच्या डोळ्यांत बघून सांग.

– आर्लीथा

●

बेलफर काउंटी
१० मार्च १९५७

प्रिय मावशी,

आज आई सांगत नाहीये, मी एकटीच लिहिते आहे. आई झोपली आहे. राजधानीहून आल्यापासून झोपतेच आहे.

खोली उबदार होती. लांब टेबलाच्या पलीकडे पाच साहेब. आम्हाला बसायला सांगितलं नाही म्हणून आम्ही उभ्या होतो. मिस हॅस्केट बाजूला बसल्या होत्या, माझ्याकडे बघून हसल्या. त्या वाईट दिसत नाहीत, मावशी. त्यांनी माझ्यासाठी पेपरमिंट आणलं होतं.

आईने पत्रांचा गठ्ठा ठेवला. चष्मेवाल्या साहेबांनी वरचं पत्र, बाबा गेले तेव्हाचं, थोडं वाचलं. मग मला म्हणाले, "हे तू लिहिलंस?" मी पंधरा दिवस तालीम केली होती. 'हो साहेब, मी लिहिलं. वर्षाचे महिने बारा. बर्फ वितळतो.' सगळं तोंडपाठ होतं. पण त्यांच्या हातात कागद होता. मला फक्त कागद दिसत होता. आणि माझ्या तोंडून आलं, "ठाऊक नाही, साहेब."

एक जण खुर्चीत मागे रेलला, जणू काम संपलं.

तेव्हा आईने माझा दंड धरला. इतका घट्ट की अजून निळा आहे. आणि त्या खोलीत, मावशी, आई मोठ्याने बोलली. "वाच, पोरी. मी शिकवलं ते विसर. आज ठाऊक आहे म्हण." साहेबांनी माझ्याविरुद्धचाच कागद पुढे सरकवला. मी वाचला. माझं नाव, माझं वय, मंदबुद्धी, भार, सगळं. तो मोठा शब्दही न अडखळता वाचला. खोकले नाही.

मला वाटलं, जिंकलो.

चष्मेवाले साहेब म्हणाले, "छान. म्हणजे ऑक्टोबरात तुला उत्तरं येत होती?" मी म्हटलं, "हो साहेब, सदतीस." ते म्हणाले, "मग तू सरकारी बाईंशी चाळीस वेळा खोटं बोललीस." दुसरे म्हणाले, हट्टी आणि लबाड वृत्ती हीही एक प्रकारची उणीवच असते. तिसरे म्हणाले, पाठ करून आली असेल. मग आईला कागद दाखवून विचारलं, "ही फुली तुझीच ना?" आई म्हणाली, "हो साहेब, पण." ते म्हणाले, "एवढंच हवं होतं."

येत नाही म्हटलं तर मंदबुद्धी. येतं म्हटलं तर लबाड. मावशी, तिसरं काही उत्तर होतं का? मी वाटेत खूप विचार केला.

पत्रं त्यांनी ठेवून घेतली. निकाल टपालाने येणार. टपालवाल्याची गाडी वळली की आई ओटा धरून उभी राहते.

तुझी,
टेम्पी

ता. क. बसमध्ये आई म्हणाली, रात्रीचे धडे वाढव. आता ती पूर्ण वाक्यं लिहिते. 'एस' काढताना जीभ बाहेर काढते.

●

शनिवार, ईस्टरच्या आदला
२० एप्रिल

आर्लीथा,

हे माझं अक्षर आहे. हसू नकोस. तीन दिवस लिहितेय.

कागद आला. टेम्पीने वाचला. मग मी वाचला. मंगळवार सकाळ, आठ वाजता, काउंटीचं इस्पितळ. गाडी न्यायला येईल.

उद्या ईस्टर आहे. मिस हॅस्केट त्यांच्या चर्चमध्ये असतील. शेरीफ पण. दुकानदार पण. सगळे चांगले कपडे घालून बसतील. बस चौकात नऊ वाजता थांबते.

हे पत्र जिच्या हातात आहे ती टेम्पी आहे. बघून घे. दंडावर माझ्या हाताचा डाग होता, आता गेला.

तू पाठवलेलं तिकीट मी पत्रांतून आधीच काढून ठेवलं होतं, ते तिच्याजवळ आहे. रूफसच्या बुटांच्या खोक्यात कोंबडी आणि रताळं दिलंय. रिचमंडला बस बदलायची. तिला नवीन धडा दिलाय. कोणी विचारलं तर मान वर करायची. मोठ्याने सांगायचं. मी डोरोथी ब्लंट. मी मावशीकडे चालले. माझं वय सोळा. अंगणात तिने मला वीस वेळा म्हणून दाखवलं. एकदाही चुकली नाही. मला रडू आलं.

मी येत नाही. मी इथे असले तर त्यांना वाटेल ती पण इथेच कुठे आहे. दार बंद दिसलं तर ते रस्ते बघतील. डव्हीला घेऊन पळता येत नाही. डव्हीला आता काय शिकवू ते मला कळत नाही. बोल म्हणू की गप्प बस म्हणू. तू शहरात राहतेस. ठाऊक असलं तर सांग.

नाही. सांगू नकोस. पत्र पाठवू नकोस. टपालवाला पाकिटावरचं गाव वाचतो. आणि काही कळलं नाही तर मला दुसऱ्याकडे जावं लागेल वाचून घ्यायला. घरात वाचणारी आता नाही.

ती रात्री झोपेत पाय झाडते. पाठीवर हात ठेव. थांबते.

मंगळवारी गाडी येईल. मिस हॅस्केट विचारतील, मुलगी कुठे आहे. मग शेरीफ विचारेल. मग ते डव्हीला विचारतील. सगळ्यांच्या हातात कागद असेल.

मी मान खाली घालीन. हात पोटाशी धरीन. आईने शिकवलं तसं म्हणेन. चाळीस वेळा विचारलं तर चाळीस वेळा.

ठाऊक नाही, बाईसाहेब.

ओझेला स्प्रूइल